अकरावी सुपारी

त्या दिवशी सकाळी फोन दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा मी तो उचलला नाही. ओट्याशी उभी होते, हातात कणीक होती, पण खरं कारण ते नव्हे. आमचा ओंकार जानेवारीत बोटीवर गेल्यापासून मला फोनच्या घंटीची भीती बसली आहे. त्याची ती पहिलीच बोट. सहा दिवस त्याचा निरोप नव्हता. जहाज कुठल्या तरी धोक्याच्या टापूतून जाणार, तेवढे दिवस फोन बंद राहतील, काळजी करू नका, असं कंपनीनं आधीच कळवलं होतं. काळजी करू नका म्हणून सांगितल्यावर कोणती आई करायची थांबते? तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा माझ्या नवऱ्यानं, अरुणनं तो उचलला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला आणि मी भिंतीला धरून खाली बसले. मग तो म्हणाला, "शालूआते गेली."

आणि मला बरं वाटलं... हे लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. एक क्षण, अगदी एकच क्षण, माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. ओंकार नव्हे, आते. जिनं मला न्हाऊमाखू घातलं, जिच्या कुशीत मी प्रत्येक मे महिना काढला, ती गेल्याचं ऐकून मी सुटकेचा श्वास सोडला. त्याला आता पाच आठवडे झाले, पण तो श्वास मी अजून स्वतःला माफ केलेला नाही.

शालूआते माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आमचं गाव राजापूर तालुक्यात, खाडीच्या वरच्या अंगाला. चिऱ्यांचं कौलारू घर, मागे परड्यात पोफळी आणि माड. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी आते विधवा होऊन माहेरी आली आणि पुढची साठेक वर्षं त्याच घरात राहिली. इतकं भित्रं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. विजा चमकायला लागल्या की ती विळी-कोयतीपासून कुलपाच्या किल्लीपर्यंत घरातलं सगळं लोखंड खाटेखाली सरकवायची आणि स्वतः देव्हाऱ्यापुढे कानांत बोटं घालून बसायची. सापाला साप म्हणायची नाही, "लांबडं" म्हणायची, तेही कुजबुजत. मी पहिल्या पगारातून तिला मिक्सर घेऊन दिला, तर त्याचं बटण ती केरसुणीच्या दांड्यानं दाबायची आणि दाबून मागे पळायची. शाळा दुसरीत सोडली, कारण मास्तरांच्या मिशीची भीती वाटायची. आम्ही मुलं तिला "भित्री भागूबाई" म्हणून नाचायचो आणि माझे वडील म्हणायचे, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस, शाले. तू भितेस म्हणून तो येतो." ती हसायची, पण मागे वळून बघायचीसुद्धा, की खरंच आला की काय.

आता वाटतं, आम्ही सगळे हुशार. वडील, काका, पुढे आम्ही भावंडं, एकेक करून मुंबईला नाहीतर रत्नागिरीला निघून गेलो, आणि घरातल्या सर्वांत भित्र्या माणसाला घर राखायला ठेवलं. तिला विचारलंही नाही.

आमच्या परड्याच्या वर, आंब्याखाली, राखणदाराचा दगड आहे. शेंदूर नाही, देऊळ नाही, नुसता उभा चिरा. भातं घरात आली की दरवर्षी त्याला नारळ द्यायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं म्हणजे घरातल्या कर्त्या पुरुषानं मोठ्यानं देवाशी बोलायचं: बाबा रे, ही तुझी लेकरं, ह्यांच्या वाटेवर उभा राहा, काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घे. घरातल्या एकेकाचं नाव घ्यायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्यानंतर "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आजोबा होते तोवर ते घालायचे. ते गेले त्या वर्षी वडिलांना आणि काकांना मुंबईत रजा मिळेना. भावकीतल्या कुणाला तरी बोलाव, असं वडिलांनी कळवलं. पण भावकीशी बांधावरून अबोला, त्यांच्यातलं कोण येणार? बाईनं त्या दगडापाशी जायचं नसतं. पण राखण चुकवायची नाही, हेही आजोबांनीच सांगून ठेवलेलं. आतेनं दोन्ही भीती तोलून पाहिल्या असाव्यात. चौथ्या दिवशी ती पदर डोक्यावर घेऊन, नारळ हातात धरून एकटी वर गेली.

"चार पावलं लांबच उभी ऱ्हायली," मी कॉलेजात असताना तिनंच मला हे सांगितलं. "घशातनं आवाज फुटंना. व्हय म्हाराजा म्हणायला कोन नाय, ता पन मीच म्हणत हुती. सगळ्यांची नावं घेतली, नारळ फोडला आनि पळत खाली आली. उंबऱ्यात पाय ठेवला नि याद आली... दादाचा नाव ऱ्हायला."

दादा म्हणजे माझे वडील. परत वर जायची तिची हिंमत झाली नाही. पुढच्या मे महिन्यात वडील कंपनीच्या गोदामात शिडीवरून पडले, पाय मोडला, आणि जन्मभर ते एका पायावर जोर देऊन चालले. ते स्वतः हसण्यावारी न्यायचे. "अगं, शिडी कंपनीची होती, राखणदाराची नव्हे," म्हणायचे. आते मात्र त्यांना अंगणातून चालताना बघायची आणि आत निघून जायची. तिच्या लेखी तो पाय तिनं मोडला होता.

तिथून सुपाऱ्या सुरू झाल्या. तिला लिहिता येत नव्हतं, आणि डोक्यावर तिचा भरवसा उरला नव्हता. परड्यातल्या पोफळीची सोललेली सुपारी, घरातल्या प्रत्येक माणसामागे एक, अशी तिनं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातली. वडिलांची मोठी, काकांची चपटी, माझी एका बाजूला चीर असलेली. मूल जन्मलं की बारशाच्या आधी आतेची सुपारी निवडून व्हायची. कुणी गेलं की त्याची सुपारी ती माडाच्या बुंध्याशी पुरायची. आणि वर्षातून एकदा नाव घेऊन तिचं भागेना. रोज दिवेलागणीला ती डबा घेऊन देव्हाऱ्यापुढे बसायची, एकेक सुपारी उचलून थाळीत ठेवायची, नाव घ्यायची, आणि स्वतःच हळूच "व्हय म्हाराजा" म्हणायची. सगळ्या थाळीत गेल्या की तिचे खांदे सैल व्हायचे. दिवसभरात तेवढा एकच वेळ ती घाबरलेली नसायची.

मी रत्नागिरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना कार्यकारणभाव शिकवणारी बाई मी, सुट्टीत गावी गेले की तिला छेडायची. "आते, दहा माणसं आणि सुपाऱ्या अकरा कशा? राखणदाराला हिशेब चुकलेला चालतो का?" अकरावी सुपारी बाकीच्यांहून लहान आणि पांढरट होती. आते ती पदराखाली घ्यायची. "ती भायरची हाय," म्हणायची, आणि विषय बदलायची. मला वाटायचं, असेल कुठल्या देवाची.

गेल्या दिवाळीत मी तिला शेवटची भेटले. ऐंशीच्या पुढे गेली होती. चुलीवर भात ठेवून विसरायची, मला माझ्या आईच्या नावानं हाक मारायची. आणि ओंकारला पंधरा दिवसांपूर्वीच बोटीचं पत्र आलं होतं. मी तोंडानं पेढे वाटत होते आणि आतून पार सुकले होते. तो लहानपणी मिरकरवाड्याच्या जेटीवर सुद्धा माझा हात सोडायचा नाही, आणि आता म्हणे महिनोन् महिने पाण्यावर. निघायच्या दिवशी संध्याकाळी रिक्षा दारात उभी, अरुण हाका मारतोय, आणि आते देव्हाऱ्यापुढे थाळी घेऊन बसलेली. सुपाऱ्या इतक्या वर्षांच्या हाताळण्यानं काळवंडून सारख्याच दिसायला लागल्या होत्या. ती एक उचलायची, दिव्यापाशी धरायची, परत ठेवायची. मग तिनं एक माझ्यापुढे धरली.

"बाय, ही कोनाची गो?"

मला कुठली माहीत असायला? माझी चीर असलेली सोडली तर मला एकही ओळखता येत नव्हती. पण रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, आणि खरं सांगायचं तर आणखी एक होतं. ओंकारची सुपारी सापडली नाही, तर आज त्याचं नाव राहील, ही भीती माझ्या, विज्ञानाच्या बाईच्या, मनात आली. मी पटकन म्हटलं, "ओंकारची आहे ती."

आतेनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "ओंकारची?"

"हो गं. ओंकारचीच. घे त्याचं नाव."

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली, आणि सुपारी थाळीत ठेवली.

रिक्षा फाट्यावर येईतो मला घाम फुटला होता. मी खोटं बोलले होते. ती सुपारी दुसऱ्या कुणाची असेल तर त्याचं नाव गेलं आणि ओंकारची खरी सुपारी तशीच डब्यात राहिली. मग रोज ती त्याचं नाव घेईल ते चुकीच्या सुपारीवर. ह्या सगळ्याला काही अर्थ नाही हे मला कळत होतं. कळूनही उपयोग नव्हता. पुढे फोनवर दोनदा सांगायचं मनात आलं, "आते, मी तेव्हा उगाच बोलले." धीर झाला नाही. तिला काय वाटेल, ही भीती कमी होती. सांगितल्यावर आणखी काहीतरी बिघडेल, ही जास्त होती.

आणि मग ती गेलीच. शेजारच्या वहिनी सकाळी दूध द्यायला आल्या तर आते अंथरुणातच, झोपल्यासारखी. आम्ही पोचलो, सगळं झालं. सुतक लागलं. देव्हाऱ्यात दिवा नाही, गाऱ्हाणं नाही, तेरा दिवस डबा फळीवर बंद. तेरा दिवस आमच्यातल्या कुणाचंच नाव कुणी घेतलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा देत मी मनात दिवस मोजत होते, आतेचे कमी आणि ओंकारच्या न आलेल्या फोनचे जास्त.

नवव्या दिवशी त्याचा फोन आला. "आई, नेटवर्कच नव्हतं. जेवलीस का?" मी रडतच सुटले, तर तो घाबरला. मग आतेचं सांगितलं. नंतर तो म्हणाला, "आई, आता माझं नाव कोण घेणार? आम्हाला परत त्याच वाटेनं यायचंय." म्हणताना हसायचा प्रयत्न करत होता, पण मी त्याची आई आहे. फोन ठेवल्यावर माझी भावजय म्हणाली, "आतेनं स्वतःवर घेतलं हो, म्हणून पोर सुखरूप." चांगल्या मनानंच म्हणाली. मला मात्र तिचा भयंकर राग आला. आतेनं का घ्यावं स्वतःवर? जन्मभर घेतलं तेवढं पुरे नव्हतं?

चौदाव्या दिवशी माणसं पांगली. भाऊ-भावजय मुंबईला गेले, अरुण गाडीत सामान लावत होता. मी डबा काढला, सुपाऱ्या सुपात ओतल्या आणि ओल्या फडक्यानं पुसायला बसले, निदान काही खूण दिसते का बघावी म्हणून. तेवढ्यात अंगणात हलीमाभाबी आल्या. खाडीकाठच्या मोहल्ल्यातल्या ह्या मासळीवाल्या. चाळीस वर्षं मंगळवारी आणि शुक्रवारी टोपली घेऊन आमच्या पायरीवर टेकायच्या. त्या दिवशी टोपली नव्हती. पायरीवर बसल्या, डोळे पुसले, आणि सुपाकडे नजर जाताच त्यांचा हात सरळ पुसून पुन्हा पांढरट दिसू लागलेल्या त्या लहान सुपारीवर गेला.

"ही आमच्या सलीमची," त्या म्हणाल्या. "मीच आनून दिलेली. गुहागरला माजी बहीन हाय, तिच्या परड्यातली."

सलीम त्यांचा मुलगा. आखातात एका बंदरावर क्रेन चालवतो. पहिल्यांदा गेला तेव्हा चार महिने त्याचा पत्ता नव्हता आणि भाबी ह्याच पायरीवर टोपली बाजूला ठेवून रडल्या होत्या. "तुजी आते दारात उभी. थरथरत हुती. मना इचारते, 'हलीमा, मी सलीमचा नाव आमच्या राखणदाराकडं घेतला तर तुमच्यात चालता काय गो?' मी म्हटलं, नावच घेयाचा ना? नाव घेतल्यानं कोनाचा वायट झालाय?" पुढच्या शुक्रवारी त्यांनी मासळीबरोबर सुपारी आणून दिली. आमच्या घरात कुणाला सांगायचं नाही असं दोघींचं ठरलं, कारण आतेला माझ्या वडिलांची भीती वाटायची. माझ्या वडिलांना खरं तर काहीच वाटलं नसतं. पण ती आते होती.

दिवाळीत आतेनं माझ्यापुढे धरलेली सुपारी हीच, एवढीच लहान; काळवंडलेली होती म्हणून घाईत ओळखली नव्हती. म्हणजे पाच महिने सलीमचं नाव... "भाबी, सलीम बरा आहे ना?"

"बरा हाय की. कालच फोन आलता. काय झाला गो? अशी पांढरी का पडलीस?"

मी सगळं सांगितलं. रिक्षा, हॉर्न, माझं खोटं, सगळं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी माझा हात धरला.

"मना ठावं हाय. तिनं त्याच शुक्रवारी सांगितला मना. म्हणाली, 'पोर भ्यालीय गो हलीमा. तिचा झील पान्यावर चाललाय. मना घटकाभर आठवला नाय ता खरा, पन ती ओंकारची म्हणाली नि मना लगेच आठवला, ही सलीमची. पन न्हय म्हटला असता तर ती रत्नागिरीपातूर रडत गेली असती. म्हणून मी व्हय म्हटला.'"

"मग सलीम?"

"मग काय. 'एका सुपारीवर दोगंव बसतील,' म्हणाली. 'दोगंव पान्याकाठचीच.' रोज दोन नावं घेयाची ती त्येच्यावर. ओंकारची दुसरी हुती, ती पन घेयाची. उगाच ऱ्हायला नको म्हणून."

ज्या बाईला मी आयुष्यभर भित्री म्हणून हसले, तिनं त्या संध्याकाळी माझी भीती ओळखली आणि तिला हो म्हटलं. मी तिची भीती कधी ओळखली होती? मी सुपाऱ्या डब्यात भरायला घेतल्या, मोजत. दहा आमच्या आणि ही एक. आणि तेव्हा कुठे, इतक्या वर्षांनी, माझ्या लक्षात आलं. मी परत मोजल्या. आमची नावं मनात घेऊन मोजल्या.

"भाबी, ह्यात आतेची कुठली?"

"तिची नाय."

"नाही? म्हणजे तिचं नाव कुणीच..."

"कुनी नाय कसा? तिचा नाव माज्याकडं हुता," भाबी म्हणाल्या. "दिसाला पाच वखत. मीच तिला सांगितलेला, तू माज्या पोराचा घे, मी तुजा घेतंय." मग पदर सावरत उठल्या आणि अगदी भाव सांगावा तशा सुरात म्हणाल्या, "आता तुजा घेईन."

डबा मी रत्नागिरीला घेऊन आले. फ्लॅटमध्ये फ्रिजवर आहे, घरात सुकी जागा तीच. दिवेलागणीला मी तो खाली काढते. पांढरट सुपारी पहिली ठेवते आणि दोन नावं घेते, आधी सलीम, मग ओंकार. माझी चिरेची सोडली तर बाकीच्या कुणाच्या ते अजून कळलेलं नाही, म्हणून सगळी नावं घेते आणि ओंकारचं शेवटी पुन्हा एकदा. बोट परतीच्या वाटेला लागली आहे आणि फोन पुन्हा बंद झाले आहेत. आतेसारखे माझे खांदे सैल होत नाहीत अजून. भीती तशीच आहे. फक्त आता तिला संध्याकाळी बसायला एक जागा झाली आहे. भातं झाली की नारळ घेऊन त्या दगडापाशीही मलाच जावं लागणार, चार पावलं लांब उभं राहून.

परवा अरुण ऑफिसातून लवकर आला. मी थाळी घेऊन बसले होते. दारातच थांबला. पंचवीस वर्षं माझ्याबरोबर आतेला हसलेला माणूस तो. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. मी आधीच म्हटलं, "मला भीती वाटते, अरुण." हे वाक्य मी त्याला लग्नानंतर पहिल्यांदा म्हटलं असेन.

तो हसला नाही. बूट काढले, माझ्याशेजारी येऊन खाली बसला, आणि थाळीकडे बघत हळूच म्हणाला, "माझं घेतलंस?"

घेतलं होतं. पुन्हा एकदा घेतलं.